दहा हजाराव्या गोळीचे पिस्तूल

22 ऑगस्ट 2018. इंडोनेशियातील पालेमबांग. आशियाई क्रीडा स्पर्धेत महिलांच्या 25 मीटर पिस्तूल प्रकाराची अंतिम फेरी संपली, तेव्हा कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची नफास्वान यांगपायबून या दोघींचे गुण सारखेच होते, 34. मग जादा पाच गोळ्यांचा शूट-ऑफ झाला, तोही बरोबरीत सुटला. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राही जिंकली आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. अंतिम फेरीच्या पन्नास आणि वर आणखी दहा गोळ्या. अशा वेळी सगळ्यांचे डोळे नेमबाजाच्या हाताकडे असतात. त्या मुठीतल्या किलोभर वजनाच्या यंत्राचा विचार फारसा कोणी करत नाही.

हा लेख त्या यंत्राविषयी आहे. पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत ऑलिम्पियन सुमा शिरूर यांचा ‘लक्ष्य शूटिंग क्लब’ 2006 पासून आहे आणि त्यामुळे नवी मुंबईतल्या घरांना नेमबाजी हा खेळ परका राहिलेला नाही. दहा मीटरवर एअर पिस्तूल चालवून हात स्थिर झाला की मुलांना, आणि चाळिशीत हा छंद लागलेल्या मोठ्यांनाही, पुढच्या पायरीचे वेध लागतात: पॉइंट टू-टू बोअरचे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल. मग प्रश्न येतो, कोणते घ्यावे? उत्तरादाखल बहुतेक जण कंपनीचे नाव सांगतात. माझ्या मते कंपनीचे नाव सगळ्यात शेवटी यायला हवे.

आधी हिशेब मांडू. 25 मीटर पिस्तूलच्या एका पूर्ण फेरीत साठ गोळ्या असतात, सरावाच्या दहा धरल्या तर सत्तर. आठवड्यातून तीनदा पूर्ण फेरी मारणारा नेमबाज वर्षाला दहा हजारांच्या वर गोळ्या झाडतो. दुकानात किंवा ओळखीच्याकडे पिस्तूल हातात घेऊन पाच-दहा गोळ्या मारल्या आणि ते आवडले, याला म्हणूनच फार अर्थ नाही. बहुतेक पिस्तुले पहिल्या शंभर गोळ्या नीट मारतात. नियमित सराव करणाऱ्याने दहा हजाराव्या गोळीला ते कसे वागेल, हे पाहायचे.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण रिकामे काडतूस बाहेर फेकणे आणि नवे नळीत चढवणे हे काम पिस्तूल स्वतः करते. टू-टूच्या पिस्तुलात त्यासाठी क्लिष्ट कुलूप नसते. गोळी सुटताना मागे येणारा दाब बोल्टला ढकलतो आणि बोल्टचे वजन व स्प्रिंगची ताकद त्याला आवर घालतात. गोळीची ताकद, बोल्टचे वजन आणि स्प्रिंगचा ताण या तिघांचे जमले तर पिस्तूल वर्षानुवर्षे तक्रार करत नाही. गोळी कमजोर निघाली, तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि रिकामे काडतूस दाराशीच अडकते. जास्त वेगाची काडतुसे वापरली, तर बोल्ट दणकून मागे आदळतो आणि महागडी चौकट झिजते. म्हणून स्पर्धेच्या पिस्तुलात स्टँडर्ड वेगाचीच काडतुसे घालावीत.

टू-टू काडतुसाचा स्वभावही थोडा अडचणीचा आहे. त्याची गोळी उघड्या शिशाची असते, वर मेणासारखे वंगण. सरावात हे वंगण, शिसे आणि जळलेली दारू एकत्र होऊन चेंबरच्या तोंडाशी काळा थर बसतो. काडतुसाला मागे कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली, तर ते पुढे सरकतच नाही. रेंजवर ज्याला ‘जॅम’ म्हणतात, त्याची मुळे बहुधा मळ, मॅगझिन किंवा काडतूस यांत असतात. दोष मात्र पिस्तुलाला दिला जातो.

मॅगझिनबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण जुने पिस्तूल घेताना इथेच सर्वाधिक फसगत होते. स्पर्धेत मॅगझिनमध्ये पाचच गोळ्या भरतात. मॅगझिनचे वरचे दोन ओठ जरासे वाकले, की गोळी चुकीच्या कोनात वर येते. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने आकडा घाला: एक, दोन, तीन. पिस्तूल अडले की कोणते मॅगझिन होते ते वहीत लिहा. चार वेळा अडले आणि दर वेळी ‘तीन’च निघाले, तर दुखणे कुठे आहे ते कळले. एखादे पिस्तूल केवळ खराब मॅगझिनमुळे कवडीमोलाने विकले जाते आणि घेणारा नवे मॅगझिन घालून त्यावर वर्षे काढतो.

पिस्तूल अडले, की स्पर्धेत काय होते? महिलांच्या 25 मीटर प्रकारात पहिल्या तीस गोळ्या अचूकतेच्या असतात, पाच मिनिटांत पाच. तिथल्या लक्ष्याचे दहाचे वर्तुळ 50 मिलिमीटर व्यासाचे. नंतरच्या तीस गोळ्या जलद: लक्ष्य तीन सेकंद समोर, सात सेकंद आड, आणि दर तीन सेकंदांत हात खालून वर आणून एकच गोळी. तीन सेकंदांत अडकलेले काडतूस काढता येत नाही. नियम सांगतो की पिस्तूल लक्ष्याच्या दिशेनेच रोखलेले ठेवून मोकळा हात वर करायचा. पंच येऊन पाहतो. बिघाड खरा असेल तर ती पाच गोळ्यांची मालिका भरून काढायची संधी मिळते. पण घाईत स्वतःच बोल्ट ओढून पाहिला, किंवा सेफ्टी काढायचीच राहिली होती, तर ती संधी जाते. म्हणून पिस्तुलाबरोबर नियमपुस्तिकाही वाचायला हवी.

यंत्राने दगा दिल्याची सगळ्यात ठसठशीत आठवण एअर पिस्तूलची आहे. 25 जुलै 2021, टोकियो ऑलिम्पिक. 10 मीटरच्या पात्रता फेरीत भारताच्या मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, मोलाची मिनिटे दुरुस्तीत गेली. 575 गुणांसह ती बारावी आली, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदके मिळवली. तिचे पिस्तूल जगातल्या उत्तम पिस्तुलांपैकी होते, तरीही हे घडले. यंत्र कितीही चांगले असो, सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा माणूस जवळ असणे हा त्याच्या भरवशाचाच भाग धरला पाहिजे.

आता हाताविषयी. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते, डावखुऱ्यांसाठी वेगळी. ती तळव्याला चपलेसारखी बसली पाहिजे. अंगठा आणि तर्जनीमधली खाच पिस्तुलाच्या मागच्या बाजूला जितकी वर जाईल, तितका झटका सरळ मागे येतो. तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर असे टेकले पाहिजे की दाब सरळ मागे जाईल, बाजूला नाही. पारख सोपी आहे. रिकामे पिस्तूल रेंजवर, लक्ष्याच्या दिशेने, डोळे मिटून उचला आणि मग डोळे उघडा. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली, तर ग्रिप तुमची. दर वेळी डावीकडे दिसत असेल, तर ग्रिप घासून किंवा लाकडाचा लगदा भरून घ्यावी लागेल. जाणकार नेमबाज हे काम करतातच. मात्र ग्रिपने मनगटाला आधार देता कामा नये, ते नियमबाह्य आहे.

ट्रिगरचे मापही काटेकोर आहे. या प्रकारात तो दाबायला किमान 1000 ग्रॅमचा जोर लागला पाहिजे, पिस्तूल जास्तीत जास्त 1400 ग्रॅमचे, नळी 153 मिलिमीटरपर्यंत. नळी उभी धरून एक किलोचे वजन ट्रिगरला लावून उचलतात, ट्रिगर सुटला तर पिस्तूल बाद. सरावात ट्रिगर थोडा हलका होतो, म्हणून काठावर सेट करू नका. थोडे जास्त वजन ठेवून त्याची सवय लावणे बरे.

आता कंपन्या. इटलीची पार्डिनी, जर्मनीच्या वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ, स्वित्झर्लंडची मोरिनी, जुनी हॅमर्ली. स्पर्धेच्या रेंजवर ही नावे पुन्हा पुन्हा दिसतात आणि या सगळ्यांची टू-टू पिस्तुले मेहनतीने बनवलेली असतात. त्यांच्यातला फरक नवशिक्याच्या गुणांत दिसणार नाही. तो स्प्रिंग, बफर आणि फायरिंग पिन बदलायची वेळ येते तेव्हा दिसतो. तुमच्याच रेंजवर ज्या पिस्तुलाचे आणखी दोन-तीन मालक आहेत, ते घ्या. त्यांच्याकडे सुटे भाग असतात, अनुभव असतो, आणि स्पर्धेच्या दिवशी मदतही मिळते.

स्वसंरक्षणाचे पिस्तूल आणि सरावाचे पिस्तूल यांची गल्लत नको. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारे ‘अशनी’ पॉइंट थर्टी-टू बोअरचे आहे. ते वेगळ्या कामासाठी घडवलेले आहे, वर्षाला दहा हजार गोळ्या आणि 50 मिलिमीटरच्या वर्तुळासाठी नव्हे. 9 एमएम तर सामान्य नागरिकाला परवान्यावरही मिळत नाही.

परवान्याचा मार्ग लांब आहे आणि तो तसाच असावा. शस्त्र कायदा 1959 चा, सविस्तर नियम 2016 चे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. मान्यताप्राप्त नेमबाजांना वेगळी सवलत आहे. नवी मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे जातो. वर्षाला किती काडतुसे घेता येतील, तेही परवान्यावर ठरते. परदेशी पिस्तुलाची आयात सर्वांना खुली नाही, ती मान्यताप्राप्त नेमबाज आणि क्रीडा संघटनांमार्फतच होते. ही मान्यता स्पर्धांतल्या गुणांवर मिळते. राष्ट्रीय रायफल संघटना 1951 साली स्थापन झाली, तिच्या उभारणीत लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांचा पुढाकार होता. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची पायरी आहे. म्हणजे आधी गुण, मग दर्जा, मग स्वतःचे चांगले पिस्तूल. 4.5 मिलिमीटरच्या, ठरावीक ताकदीखालच्या एअर पिस्तुलाला मात्र परवाना लागत नाही. सुरुवात तिथूनच करावी.

आपल्या हवेचाही विचार हवा. जून ते सप्टेंबर नवी मुंबईत भिंतींनाही बुरशी येते, शिवाय खाडीची खारट हवा. पिस्तूल फोमच्या पेटीत महिनोन् महिने ठेवू नका, फोम ओल धरतो आणि पोलादावर तांबेरा चढतो. सराव झाला की घाम पुसून तेलाचा पातळ हात फिरवा, तिजोरीत सिलिका जेल ठेवा. तेल फार नको, त्यात मळ अडकतो. फायरिंग पिन रिकामी मारून सराव करायचा असेल, तर पिस्तुलात त्याची सोय आहे का ते आधी पाहा. नाहीतर पिन चेंबरच्या कडेवर आदळते आणि कड ठेचली जाते. जुने पिस्तूल घेताना ही ठेच भिंगातून तपासाच.

वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनसारख्या जुन्या संस्थांना आणि पनवेल-ठाण्यातल्या नव्या क्लबांना एक विनंती आहे. क्लबच्या प्रत्येक पिस्तुलाची एक वही ठेवा: किती गोळ्या झाल्या, कधी अडले, कोणते मॅगझिन, कोणत्या लॉटची काडतुसे, स्प्रिंग कधी बदलली. नवा नेमबाज खरेदीचे बोलायला आला, की ती वही त्याच्यापुढे ठेवा आणि शंभर गोळ्या क्लबच्या पिस्तुलावर मारू द्या. लाखोंचा निर्णय त्याला अंदाजावर घ्यावा लागणार नाही.