ज्या गॅसची ग्रिल, त्याच गॅसवर

गॅसची बार्बेक्यू ग्रिल हाती येईल त्या गॅसवर चालत नाही. आणि एकाच शहरातही गॅस वेगवेगळे असू शकतात: कोलकात्यात इंडेन या सिलिंडरच्या गॅसची पहिली जोडणी 1965 मध्ये मिळाली. त्याच्या शंभरेक वर्षे आधीपासून शहरात दगडी कोळशापासून केलेला गॅस नळाने येत होता, आणि आता नैसर्गिक वायूच्या वाहिन्या टाकल्या जात आहेत. सिलिंडरमधला एलपीजी, म्हणजे प्रोपेन-ब्युटेनचे मिश्रण, तेवढ्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूपेक्षा सुमारे अडीच पट उष्णता देतो. म्हणून एलपीजीच्या जेटचे, म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोटीचे, भोक बारीक असते. नैसर्गिक वायूच्या मोठ्या भोकातून एलपीजी सोडला की जळायला हवा अपुरी पडते. निळी ज्योत पिवळी आणि लांब होते, कबाबावर काजळी धरते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस बदलायचा तर जेटबरोबर रेग्युलेटरही बदलावा लागतो. हे जाणकार मेकॅनिकचेच काम. घरी भोक कोरणे म्हणजे जिवाशी खेळ. कोणता गॅस चालेल, हे ग्रिलवरच्या पट्टीवर लिहिलेले असते. गळती झाल्यास नैसर्गिक वायू वर जातो, एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. ग्रिल मोकळ्या हवेतच पेटवावी, बंद बाल्कनीत कधीही नाही. सिलिंडर उभाच ठेवावा. आडवा केल्यास द्रवरूप गॅस नळीत शिरतो.