यंत्रातले गुमास्ते आणि कामगार

पूर्वी पेढीवर गुमास्ता असे. मालकाने भावाची मर्यादा सांगून ठेवावी आणि त्या मर्यादेत सौदा गुमास्त्याने करावा, अशी रीत होती. आज हे काम संगणकाच्या आज्ञावलीकडे जात आहे. तिला 'सॉफ्टवेअर एजंट' म्हणतात. साधी आज्ञावली सांगितलेला हिशेब करते. एजंट बदलती परिस्थिती पाहून, नेमून दिलेल्या हेतूसाठी स्वतः पाऊल उचलतो.

त्याची गरज का पडावी? मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले आणि सहा दिवस वाट बंद राहिली. अशा वेळी महिन्याआधी आखलेले वेळापत्रक कुचकामी ठरते. एजंटांची रीत निराळी. कारखान्याचा एजंट पुकारा करतो : इतका माल अमुक तारखेपर्यंत हवा. पुरवठादारांचे व वाहतूकदारांचे एजंट बोली लावतात. सोयीच्या बोलीला काम मिळते. वाट अडली की पुन्हा पुकारा, पुन्हा बोली. रीड स्मिथ यांनी १९८० साली संगणकांमधील कामवाटपासाठी मांडलेल्या 'कॉन्ट्रॅक्ट नेट' पद्धतीचे हे सूत्र होय.

यात लाभ आहे, हे आम्ही नाकारीत नाही. दुकानातली मागणी किंचित वाढली की घाऊक व्यापारी थोडे अधिक मागवतो, कारखाना त्याहून अधिक काढतो. मागणी ओसरताच गुदामे तुंबतात आणि पाळ्या बंद पडतात. जे फॉरेस्टर यांनी १९६१ च्या 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' या ग्रंथात ही फुगत जाणारी लाट उलगडून दाखवली. एजंटांनी दुकानातली खरी विक्री एकमेकांस वेळेवर कळवली, तर ती पुष्कळ शमू शकते.

परंतु एजंट तोलतो ते त्याला दिलेल्या रकान्यांपुरतेच. दर, वेळ आणि अंतर एवढेच रकाने असतील, तर ओव्हरटाइम बुडवणाऱ्याची बोली स्वस्त ठरणार आणि काम त्यालाच मिळणार. जाब विचारला, तर 'संगणकाने ठरवले' असे उत्तर येणार! पण गुमास्त्याला मर्यादा घालून देणारा मालक पूर्वीसारखाच जागेवर आहे.

उपाय अशक्य नाही. कामाच्या अटींवर परिणाम करणारे संगणकाचे नियम कामगार-प्रतिनिधींना कळवावेत, असा कायदा स्पेनने २०२१ मध्ये केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने मोठ्या गुदामांतील कामगारांना कामाचा कोटा लेखी कळवणे सक्तीचे केले आणि जेवणाची वा विश्रांतीची सुट्टी हिरावणारा कोटा बेकायदा ठरवला. म्हणून आमचे संघटनांना सांगणे आहे : वेतनकराराच्या वाटाघाटीला बसाल तेव्हा या गुमास्त्याचे रकानेही टेबलावर मागा, आणि विश्रांती, साप्ताहिक सुट्टी व किमान वेतन हे रकाने त्यात लिहून घ्या.