मशिदींतील रामजन्म

पंचवटींतील मुलांस रामनवमीचें वर्णन सांगावयास नको. काळारामाच्या मंदिरांत भर दुपारीं रामजन्म होतो आणि पुढें कामदा एकादशीस राम व गरुड यांचे रथ निघतात. परंतु येथून सुमारें ९० किलोमीटरांवर, शिर्डी येथें, हाच रामजन्म एका मशिदींत साजरा होऊं लागला. तो कसा, हें जाणून घेण्याजोगें आहे.

ती मशीद जुनी, मातीची व पडकी होती. श्रीसाईबाबा तींत राहत. मुखीं 'अल्ला मालिक' हे शब्द, समोर अखंड धुनी. आणि त्या मशिदीला ते स्वतःच 'द्वारकामाई' म्हणत. १८९७ सालीं कोपरगांवचे गोपाळराव गुंड यांनीं, पुत्रलाभाच्या आनंदांत, शिर्डीस उरूस भरविण्याचें मनांत आणलें. बाबांनीं त्यास दिवस नेमून दिला तो रामनवमीचा! पुढें अमीर शक्कर नांवाच्या मुसलमान भक्तानें त्याच दिवशीं संदल सुरू केला. उगाळलेल्या चंदनाचीं तबकें धूप जाळीत मिरवीत आणावयाचीं व त्या चंदनाचे थापे मशिदीच्या भिंतींवर उमटवावयाचे, असा तो विधि. हिंदूंच्या निशाणांची मिरवणूकहि त्याच दिवशीं निघे.

१९१२ च्या सुमारास कीर्तनकार भीष्म व काका महाजनी यांना वाटलें कीं, दिवस रामनवमीचा आहे, तर रामजन्महि कां होऊं नये? बाबांनीं अनुज्ञा दिली. मशिदींत पाळणा बांधला, कीर्तन झालें, गुलाल उधळला. रात्रीं त्याच भिंतींवर चंदनाचे थापे पडले. कोणीहि आपला विधि सोडला नाहीं. प्रत्येकानें दुसऱ्याच्या विधीस जागा दिली.

मतभेद झाले नाहींत असें मात्र नव्हे. १५ ऑक्टोबर १९१८ रोजीं, विजयादशमीस, बाबांनीं देह ठेवला. कांहीं भक्त म्हणाले, मोकळ्या जागेंत कबर बांधावी. इतरांचा आग्रह बुट्टींच्या वाड्याचा. छत्तीस तास निर्णय होईना. अखेर कोपरगांवच्या मामलेदारांनीं लोकांच्या सह्या घेतल्या. वाड्याच्या बाजूस दुप्पट मतें पडलीं, सर्वांनीं संमति दिली, आणि समाधि तेथें झाली. वाद होता, पण तो काठीनें मिटविला गेला नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, शिर्डीस जाल तेव्हां समाधीचें दर्शन घ्याच. परंतु द्वारकामाईच्या पायरीवरहि क्षणभर थांबा आणि आपलें काळाराम मंदिर आठवा. तेथें २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला, कारण रामाच्याच भक्तांना रामाचें दार बंद होतें. एका मशिदीनें रामाच्या पाळण्यास जागा दिली, आणि रामाच्या मंदिरानें रामभक्तांस दाराबाहेर ठेविलें! पवित्र स्थळ पाहतांना तें कोणीं बांधलें हें आपण विचारतोंच. तेथें कोणास आंत घेतलें, हेंहि विचारावयास शिकूं या.