बिनघोड्याची बग्गी आणि सान हुआनचे डोंगर

बग्गी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वरातीतली घोड्याची गाडी येते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात सान हुआन नावाचे उंच डोंगर आहेत. तेथे याच नावाची जी गाडी भाड्याने मिळते, तिला घोडा नाही आणि बहुतेकींना काचाही नाहीत. जाड खाचांचे चार टायर, दोन किंवा चार माणसांची बैठक आणि डोक्यावर लोखंडी नळ्यांची चौकट, एवढाच तिचा संसार. माझी लेक आणि जावई डेन्व्हरला असतात. मागच्या उन्हाळ्यात रजा काढून त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा सिल्व्हरटन या गावाहून वाटाड्याबरोबर अशा गाडीतून डोंगर पाहण्याचा योग आला.

शेतकरी बंधुभगिनींना सांगण्यासारखी गोष्ट अशी की, ही गाडी मुळात कामाची आहे. कावासाकी कंपनीने १९८८ साली ‘म्यूल’ नावाची अशी गाडी काढली. म्यूल म्हणजे खेचर. चारा, कुंपणाचे खांब, खताच्या गोण्या वाहायला तिकडचे शेतकरी ती वापरू लागले. पोलारिस ही आज या धंद्यातली मोठी कंपनी, तीही सुरुवातीला शेतीची अवजारे बनवीत असे. हौशी लोकांनी त्या खेचराचा शर्यतीचा घोडा केला तो नंतर.

निघण्यापूर्वी वाटाड्याने अर्धा तास शिकवणी घेतली. कमरेचा व खांद्याचा पट्टा बांधा, शिरस्त्राण घाला, आणि काहीही झाले तरी हात चौकटीच्या बाहेर काढू नका. गाडी कलली की माणूस आपोआप हात टेकायला जातो आणि तोच हात खाली सापडतो. ती चौकट मी नीट हात लावून पाहिली. जावईबापू म्हणाले, “बाबा, तुम्ही डोंगर सोडून नळ्याच काय बघताय?” पण माझे लक्ष तेथून हलेना. उताराच्या शेतात आणि उसाच्या ट्रॉलीखाली उलटलेले ट्रॅक्टर मी नोकरीत पाहिले आहेत. चालक वाचायचा असेल तर ही चौकटच वाचवते. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली आणि तेथे ट्रॅक्टरखाली चिरडून मरणारांची संख्या झपाट्याने घटली. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांवर ती नसते.

ट्रॅक्टर मागे उलटतो तेव्हा सावरायला एक-दोन सेकंदही मिळत नाहीत. म्हणून ओझे ओढायची साखळी किंवा दोर मागच्या आसाच्या वर कधीही बांधू नये, खालच्या ओढदांड्यालाच बांधावा. चौकट बसवली तर पट्टा बांधलाच पाहिजे, कारण पट्ट्यावाचून माणूस चौकटीबाहेर फेकला जातो. मात्र चौकट नसलेल्या ट्रॅक्टरवर पट्टा बांधू नये.

असो. सिल्व्हरटन गावच ९,३०० फुटांवर आहे. तेथून जो फेरा निघतो, त्यात इंजिनिअर पास ही खिंड १२,८०० फुटांवर लागते. आपले कळसूबाई ५,४०० फूट! हवा इतकी विरळ की इंजिनही धापा टाकते आणि माणूसही. पाणी सारखे प्यावे लागते. चढताना हलका गिअर, चारही चाकांना जोर. उतरतानाही तोच हलका गिअर, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवते. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला तर ब्रेक तापून निकामी होतात. हे आपल्या ट्रॉलीवाल्यांनाही लागू आहे. अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा तेथला रिवाज.

या वाटांपैकी कित्येक ऑटो मिअर्स नावाच्या माणसाने १८७० ते १८९० च्या दरम्यान पथकर घेऊन बांधल्या. तो मूळचा गहू पिकवणारा. माल पलीकडे न्यायला धड रस्ता नव्हता, म्हणून त्याने पहिला रस्ता काढला.

झाडांची हद्द संपली की नुसते गवत आणि बारीक फुले. वाटाडा येथे फार कडक होता. ठरल्या चाकोरीबाहेर एक चाकही जाऊ देईना. वर मातीचा थर बोटभर, वाढीचे दिवस जेमतेम दोन-तीन महिने. एकदा चाक फिरले की जमीन दबते, पाणी त्याच खाचेतून धावते आणि ती जखम भरायला कित्येक दशके लागतात. आपल्या कासच्या सड्यावरची मातीही अशीच पातळ आहे. फुलांच्या दिवसांत तेथे गाडी रस्त्याखाली उतरवणाऱ्यांना या वाटाड्याच्या हवाली करावे असे मला वाटले. गावालाही या गाड्यांचा जाच झालाच होता. पैसा येतो हे खरे, पण धूळ आणि आवाजही येतो. सिल्व्हरटनने २०२१ साली आपल्या गल्ल्यांतून या गाड्यांना बंदी केली.

वाटेत ॲनिमस फोर्क्स हे ओसाड गाव लागते. चांदी-सोन्याच्या खाणींसाठी वसले आणि खाणी संपल्यावर उठले. लाकडी घरे अजून उभी आहेत. त्या डोंगरांच्या पोटात जुन्या खाणींचे आंबट, धातू मिसळलेले पाणी साचून राहिले आहे. ५ ऑगस्ट २०१५ रोजी पर्यावरण खात्याची माणसे गोल्ड किंग खाणीचे तोंड तपासत असताना बांध फुटला आणि सुमारे ३० लाख गॅलन, म्हणजे १ कोटी १३ लाख लिटर पाणी खाली सुटले. ॲनिमस नदी हळदीसारखी पिवळी झाली.

ते पाणी पुढे सान हुआन नदीला मिळते, आणि तिच्या काठी नवाहो आदिवासींची शेती आहे. कालवे बंद करावे लागले, तेही ऐन ऑगस्टात, मका आणि टरबुजे भरण्याच्या वेळी. शिपरॉकच्या शेतकऱ्यांनी तर पाणी शुद्ध असल्याचे सांगितले गेल्यावरही कालवा उघडायला नकार दिला. ज्यांनी खाण कधी पाहिली नाही, त्यांची उभी पिके वाळली. नवाहोंना केंद्र सरकारकडून ३ कोटी १० लाख डॉलरची भरपाई ठरली ती २०२२ साली, सात वर्षांनी.