हवेच्या वजनाने घडलेले यान

दिवाळीत घरी आलेल्या सुक्या मेव्याच्या खोक्यात काजू, बदाम, मनुका यांचे कप्पे पाडलेला पातळ प्लॅस्टिकचा ट्रे असतो. मेवा संपला की तो कचऱ्यात जातो. टाकण्याआधी तो एकदा उजेडाकडे धरून पाहा. कप्प्यांच्या भिंती काटकोनात उभ्या नसतात, किंचित कललेल्या असतात. वरच्या कडेला प्लॅस्टिक जाड आणि तळाच्या कोपऱ्यांत पापुद्र्याइतके पातळ असते. कुठे कुठे टाचणीच्या टोकाएवढे उंचवटेही दिसतात. तिथे साच्याला हवा काढून घेणारी भोके होती. फ्रिजचे आतले अस्तर, वाशीच्या फळबाजारात येणाऱ्या स्ट्रॉबेरीची पारदर्शक डबी, गोळ्यांच्या पाकिटावरचे फुगवटे हे सगळे याच घराण्यातले. या रीतीला व्हॅक्युम फॉर्मिंग म्हणतात. तिच्या जोरावर विज्ञानकथेतल्या यानाचे कवच घरच्या गॅलरीतही घडवता येते.

कृती चार वाक्यांत सांगता येते. प्लॅस्टिकचा पत्रा लाकडी चौकटीत घट्ट धरून तापवायचा. तो मऊ होऊन झोळीसारखा लोंबला की साच्यावर दाबायचा. साच्याखालच्या भोकाभोकांच्या पेटीतून त्याच क्षणी हवा खेचून घ्यायची. अर्ध्या मिनिटात पत्रा थंड होतो आणि साच्याचा आकार धरून बसतो.

नाव व्हॅक्युमचे असले तरी काम व्हॅक्युम करत नाही. ते करते आपल्या डोक्यावरची हवा. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो वजनाइतका तिचा दाब असतो. ए-फोर कागदाएवढ्या पत्र्याखाली पूर्ण पोकळी करता आली, तर वरून सहाशे किलोंहून अधिक भार पडेल. घरातला व्हॅक्युम क्लीनर साधारण पाचव्या हिश्शाइतकीच पोकळी करतो. तरीही सव्वाशे किलो मिळतात, आणि मऊ पत्र्याला तेवढे पुरतात. सतराव्या शतकात ऑटो फॉन गेरिके याने हवा काढून घेतलेले दोन अर्धगोल घोड्यांकरवी ओढवून पाहिले, पण ते सुटले नाहीत. तीच ताकद इथे आपल्या चाकरीला असते. नवी मुंबई खाडीकाठी वसलेली असल्याने तिला हा भार पुरेपूर मिळतो. महाबळेश्वरला तो आठव्या हिश्शाने तरी कमी भरेल.

मग चुकते कुठे? बहुतेक वेळा साच्यात. हवा सगळीकडे सारखीच दाबते. तिला तुमचा हेतू कळत नाही, साचा तेवढा कळतो. लाकडावर राहिलेला पॉलिश पेपरचा ओरखडासुद्धा पातळ पत्र्यावर उमटतो. म्हणून साग किंवा एमडीएफ घ्या, नाहीतर प्लास्टर ऑफ पॅरिस. पुट्टी भरून, घासून, पुन्हा भरून पृष्ठभाग काचेसारखा होईपर्यंत हात थांबवायचा नाही. उभ्या भिंतींना तीन ते पाच अंशांचा उतार द्यायचा, नाहीतर थंड होताना आकसलेले प्लॅस्टिक साच्याला असे आवळते की दोन्हींपैकी एक फुटते. खोलगट जागी बारीक भोके पाडायची. ती नसली तर हवा तिथेच अडकते आणि आकार बोथट येतो. दोन उंच भाग फार जवळ असले की त्यांच्यामध्ये बदकाच्या पायासारखा पडदा धरतो.

पेणच्या गणपती कारखान्यांशी तुलना केली की एक अडचण चटकन समजते. तिथे मूर्तीच्या मागे वळलेल्या सोंडेखालूनही रबरी साचा सोलून काढता येतो, कारण रबर वाकते. आपला पत्रा थंड झाला की वाकत नाही. आत वळणारा भाग असेल तर साचा आतच अडकतो. त्यामुळे यानाचे धड डावे-उजवे असे दोन भागांत घडवायचे, आतून पट्टी लावून जोडायचे आणि सांधा पुट्टीने बुजवायचा.

जाडीचा हिशेबही आधीच मांडावा. अर्धगोल घुमट घडवायचा तर त्याचे पृष्ठफळ तळाच्या वर्तुळाच्या दुप्पट असते. म्हणजे एक मिलिमीटरचा पत्रा सरासरी अर्ध्या मिलिमीटरवर येतो. तोही सगळीकडे सारखा नाही. उंच साच्यावर पत्रा माथ्याला आधी टेकतो, तिथे थंडावतो आणि जाड राहतो. ताण बुंध्याजवळ पडतो आणि तिथेच कवच विरते. कवच भक्कम हवे असेल तर दीड-दोन मिलिमीटरपासून सुरुवात करावी.

नवख्याने हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरिनचा पत्रा घ्यावा. तो लवकर मऊ होतो, सहज कापला जातो, रंग नीट धरतो. एबीएस अधिक चिवट असते, पण हवेतला ओलावा पिते. पावसाळ्यातल्या नवी मुंबईत ते न वाळवता तापवले तर पत्र्यावर बुडबुडे उठतात. प्लास्टरचा साचाही ओला राहिला तर दगा देतो. म्हणून ऑक्टोबरची कोरडी उन्हे या कामाला बरी. कॉकपिटच्या पारदर्शक छतासाठी पीईटीजी वापरावे. पीव्हीसीच्या वाटेला मात्र जाऊ नये. ते जास्त तापले की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडते. या कामाची भट्टी स्वयंपाकाची नसावी आणि खिडक्या सताड उघड्या असाव्यात.

या रीतीने घडलेली सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या स्टॉर्मट्रूपर सैनिकांची पांढरी शिरस्त्राणे. लंडनमधल्या ट्विकनहॅममध्ये अँड्र्यू एन्सवर्थ यांनी ती पत्र्यातून काढली. पुढे त्यांनीच त्यांच्या प्रती विकायला घेतल्या आणि कॉपीराइटचे प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2011 साली न्यायालयाने ठरवले की हे शिरस्त्राण म्हणजे शिल्प नव्हे, चित्रपटासाठी लागणारी उपयोगाची वस्तू आहे. त्याच चित्रपटातल्या यानांवरचे किचकट तपशील रणगाडे आणि जहाजांच्या तयार किटमधले तुकडे चिकटवून उभे केले होते. आपल्याकडे हेच काम जुना रिमोट, बिघडलेला प्रिंटर आणि पेनांची टोपणे करतात.

थ्रीडी प्रिंटर असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. हातभर लांबीचे पोकळ कवच छापायला प्रिंटरला दिवस लागतात. त्यावर थरांच्या रेषा राहतात आणि आरपार दिसणारे छत नीट निघत नाही. साचा तयार असेल तर पत्रा दहा मिनिटांत दुसरे कवच देतो. साचाच प्रिंटरवर काढायचा असेल तर एक ध्यानात ठेवा: प्रिंटरचे पीएलए प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. चार-पाच पत्र्यांनंतर साचा वाकडा होतो. त्याची प्लास्टरमध्ये प्रत काढून घेणे शहाणपणाचे.

आता मूळ मुद्दा. परदेशी चित्रपटांतल्या यानांची किट पैसे मोजले की मिळतात. मराठी विज्ञानकथेचे तसे नाही. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली आणि बक्षीस मिळवले. तेव्हापासून मराठी वाचकाने किती याने कागदावर उडताना पाहिली, पण त्यांची किट दुकानात नाहीत. ती शून्यापासूनच घडवावी लागतात, आणि शून्यापासून घडवणे आपल्याला नवे नाही. माती, पोती आणि विटांचे तुकडे यांतून दिवाळीचा किल्ला उभारणारे हात घरोघरी आहेत. किल्ल्याला नकाशा नसतो, किट नसते. मनातला सिंहगड अंगणात उतरतो.

तेव्हा पंप आणि भट्टीची चौकशी नंतर करा. आवडत्या कथेतले यान आधी तीन बाजूंनी कागदावर काढा, सागाचा एक ठोकळा घ्या आणि घासायला बसा. साचा खरा उतरला की उरलेले काम हवा करते, आणि ती मजुरी मागत नाही.