बियाणे निवडतो तशी माणसे निवडावीत काय?

सुगी संपली की आपण खळ्यावर काय करतो? भरदार, निरोगी कणसे बाजूला काढतो आणि पुढच्या पेरणीसाठी जपून ठेवतो. पोचट, किडके दाणे कोंबड्यांपुढे टाकतो. ह्यात काही चूक नाही. उलट जो असे करीत नाही त्यालाच आपण अडाणी म्हणतो. परंतु हाच हिशेब माणसाला लावायचा काय? हा प्रश्न आता प्रयोगशाळेत राहिलेला नाही, तो आपल्या उंबऱ्याशी आला आहे. म्हणून आज ह्या पानावर त्याविषयी बोलू.

आमच्या परिचयाच्या एका गावात सिकलसेलच्या तपासणीचे शिबिर झाले. एका घरातील एकोणीस वर्षांच्या मुलीला ‘वाहक’ असे लिहिलेले कार्ड मिळाले. आईने ते पिठाच्या डब्याखाली लपवले. आम्ही कारण विचारले तेव्हा ती माउली म्हणाली, “हे कार्ड कुणी पाहिले तर माझ्या पोरीला कोण करून घेणार?” त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया घातला तो एका शेतकऱ्याच्या मुलाने. योहान मेंडेल ह्यांचा जन्म १८२२ साली, आज जो चेक देश आहे तेथील एका खेड्यात झाला. ब्रनो शहरातील अगस्तिनियन मठात शिरल्यावर त्यांना ग्रेगोर हे नाव मिळाले व पुढे ते धर्मगुरू झाले. १८५६ ते १८६३ पर्यंत त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे २८,००० झाडे वाढवून तपासली. उंच व बुटक्या वाणांचा त्यांनी संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सगळी झाडे उंच निघाली. त्यांचेच बी पुन्हा लावले तेव्हा दर तीन उंच झाडांमागे एक बुटके उगवले. म्हणजे बुटकेपणा नाहीसा झाला नव्हता, नुसता दडून बसला होता. प्रत्येक गुणाची एक खूण आईकडून व एक बापाकडून येते, हे त्यातून दिसले. १८६६ साली त्यांचा निबंध छापला गेला, पण कुणी फारसे लक्ष दिले नाही. १८८४ साली ते वारले आणि १९०० साली जगाला त्यांची किंमत कळली.

माणसाच्या रक्तातही हाच नियम चालतो. आपल्या तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचीक असतात. त्यांतील रक्तद्रव्याच्या जनुकात एका ‘अक्षराची’ चूक असली, की ह्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठ होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि रोग्याला असह्य कळा येतात. हाच सिकलसेल. चुकीचे जनुक आईबाप दोघांकडूनही आले तरच हा रोग होतो. एकाकडूनच आले तर तो माणूस फक्त वाहक असतो. वाहक हा रोगी नव्हे. तो शेत नांगरतो, संसार करतो, इतरांसारखाच जगतो. फक्त कडक उन्हात राबताना त्याने पाणी भरपूर प्यावे.

आता एक नवल ऐका. ह्या वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून तर जेथे पिढ्यान्पिढ्या मलेरिया होता तेथेच हे जनुक टिकून राहिले. ज्याला आपण ‘किडके बी’ म्हणायला निघालो होतो, त्यानेच पूर्वजांची कितीतरी लेकरे वाचवली. तेव्हा माणसाचे कोणते बी चांगले आणि कोणते टाकाऊ, हे ठरवण्याची घाई कुणी करू नये.

तशी घाई जगाने एकदा केली आहे. १९३३ साली जर्मनीत नाझी सरकारने कायदा करून आनुवंशिक रोगी ठरवलेल्या लोकांची सक्तीने नसबंदी सुरू केली. सुमारे चार लाख माणसे त्याला बळी पडली. आपल्याकडेही निराळे घडले नाही. गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी गर्भजलाची तपासणी १९७० नंतरच्या दशकात भारतात आली, आणि थोड्याच वर्षांत तिचा उपयोग मुली पोटातच मारण्यासाठी होऊ लागला. महाराष्ट्राने १९८८ साली व केंद्र सरकारने १९९४ साली त्याविरुद्ध कायदा केला. तरीही २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१९ च मुली भरल्या.

आता पुढची पायरी पाहा. २०१२ साली एमान्युएल शार्पाँतिए व जेनिफर डाउडना ह्या दोन शास्त्रज्ञ भगिनींनी जनुक हव्या त्या जागी कापण्याची युक्ती दाखवून दिली. तिला क्रिस्पर म्हणतात. २०२० साली दोघींना नोबेल पारितोषिक मिळाले. ह्याच युक्तीवर आधारलेल्या सिकलसेलच्या उपचाराला २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. रोग्याच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी बाहेर काढून, दुरुस्त करून पुन्हा त्यालाच देतात. अमेरिकेत तेव्हा ह्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. दिल्लीतील संशोधक स्वस्त देशी उपाय शोधीत आहेत. हे यश मोठेच आहे. रोग्याच्या शरीरावर, त्याच्या संमतीने, त्याला बरे करण्यासाठी केलेला उपचार हे वैद्याचेच काम. ख्रिस्तसभेनेही २००८ सालच्या आपल्या शिकवणुकीत अशा उपचाराला तत्त्वतः मान्यता दिली आहे.

परंतु २०१८ साली हे ज्यानक्वे ह्या चिनी संशोधकाने वेगळेच केले. त्याने गर्भाचेच जनुक बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या. हा बदल त्या मुलींच्या पुढच्या पिढ्यांतही उतरू शकतो, आणि त्या मुलींना कुणी विचारले नव्हते. साऱ्या जगाने धिक्कार केला आणि चीनच्या न्यायालयाने २०१९ साली त्याला तीन वर्षांची शिक्षा ठोठावली. बियाण्याचा प्रयोग फसला तर आपण तो ताटवा नांगरून टाकतो. फसलेल्या प्रयोगातील लेकराचे काय करणार?

म्हणून आमच्या मते कसोटी सोपी आहे. रोग्याला वाचवून रोग हटवायचा असेल तर विज्ञानाचे स्वागत करावे. रोग्यालाच हटवायचे असेल तर त्याला नकार द्यावा.

आता त्या आईला उत्तर. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे सुरू झाली. तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. ती अवश्य करून घ्यावी, आणि सोयरीक ठरण्याच्या पुष्कळ आधी घ्यावी. दोघेही वाहक असतील तर दर खेपेस मूल रोगी होण्याचा संभव चारात एक असतो. हे कळल्यावर डॉक्टरांचा व धर्मगुरूंचा सल्ला घेऊन विचारपूर्वक ठरवावे. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात सिकलसेल, थॅलसेमिया वगैरे कोणताच दोष नसेल, तर ह्या रोगाचे मूल जन्मत नाही. तेव्हा मुलीचे कार्ड मागणाऱ्याने आधी मुलाचे कार्ड दाखवावे. मुलाची तपासणी न करता केवळ मुलीला नकार देणे हे अज्ञानही आहे आणि अन्यायही.

घरात रोगी असेल तर त्याला भरपूर पाणी द्यावे, कडक ऊन व थंडीपासून जपावे, लसी चुकवू नयेत, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळीने पुष्कळांच्या कळा कमी होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी.

माउली, ते कार्ड डब्याखालून काढा. ते तुमच्या मुलीचा दोष सांगत नाही, तिच्या लेकरांची काळजी कशी घ्यावी ते सांगते. खळ्यावरचा नियम खळ्यावरच राहू द्या.