खाण तशी माती

मराठी शिकवणाऱ्या माणसाने कुत्र्यांवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते. परंतु ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही जी म्हण मी पंधरा वर्षे वर्गात शिकवीत आलो, तिचा अर्थ मला प्रथम समजला तो एका पिलामुळे.

आमच्या कन्यकेने नववीत असताना लॅब्रॅडॉर कुत्र्याचा हट्ट धरला. चौकशी केली, तर जो तो अठरा हजार सांगे. प्राध्यापकाच्या खिशाला हा आकडा मानवणारा नव्हता. इतक्यात घाटावरच्या एका गृहस्थाचा पत्ता लागला. पिलू अस्सल, वय दीड महिना, किंमत आठ हजार! तिकडे जाण्याचीही तसदी नको. पिलू रात्रीच्या बसने येणार. दहा हजार वाचवल्याच्या आनंदात मी पहाटे रत्नागिरीच्या स्टँडवर गेलो आणि करंडीतला तो मऊ गोळा घरी आणला.

डॉक्टरांनी त्याचे तोंड उघडून दात पाहिले आणि म्हणाले, “सर, हे महिन्याचेसुद्धा नाही.” चौथ्या दिवशी पिलाने दूध टाकले. मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब. सातव्या रात्री ते गेले. औषधपाण्याचे सहा हजार झाले होते. त्या गृहस्थांना फोन केला, तर ते शांतपणे म्हणाले, “दुसरं देतो की, निम्म्या किमतीत!”

मुलगी रडली नाही. तिने फक्त विचारले, “बाबा, त्याची आई तुम्ही पाहिली होती का?”

मी तिची आई पाहिली नव्हती, गोठा पाहिला नव्हता, काहीच पाहिले नव्हते. मी फक्त किंमत पाहिली होती.

त्यानंतर मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. आमचे पिलू पार्व्होने गेले. हा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला. आईच्या पहिल्या दुधातून पिलाला काही आठवडे पुरेल इतके संरक्षण मिळते. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची होताना द्यायची आणि पुढे ती सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा द्यायची, असा क्रम आहे. आईलाच कधी लस टोचलेली नसेल, तर तिच्या दुधातून पिलाला या रोगापासून संरक्षण ते कुठले मिळणार? शिवाय भावंडांशी खेळताना किती जोराने चावावे आणि कुठे थांबावे, हे पिलू याच काळात शिकते. महिन्याच्या आत उचललेले पिलू या शाळेत गेलेलेच नसते.

आणि आई? कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि सुमारे त्रेसष्ट दिवसांनी विते. प्रत्येक माजाला तिला फळवले, तर तिच्या हाडांत काय उरणार? स्वस्त पिलाचे रहस्य बहुधा येथेच असते. विक्रेता जे पैसे सोडतो, ते त्या मुक्या आईच्या अंगातून आधीच वसूल झालेले असतात.

यावर कायदा नाही असे नाही. 2017 साली केंद्र सरकारने श्वानपैदाशीचे नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची होण्यापूर्वी फळवू नये, वर्षातून एकापेक्षा अधिक वेते घेऊ नयेत आणि जन्मात पाचांवर नेऊ नयेत. मात्र ज्या 1960 च्या कायद्याखाली हे नियम आहेत, त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात हल्ली चांगला चहासुद्धा दोघांना होत नाही! तेव्हा पहारा करायचा तो गिऱ्हाइकानेच.

पण गिऱ्हाईक पाहते फॅशन. 2003 साली हच कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलामागे धावला आणि देशभर घरोघरी पग हवा झाला. त्या चपट्या नाकाला उकाड्यात श्वास पुरतो की नाही, हे कोणी विचारले नाही.

मागच्या वर्षी आम्ही पुन्हा निघालो. या खेपेस तिघेही, आंबा घाट चढून, सांगलीच्या पूर्वेकडील कोरड्या मुलखात. तेथे एक निवृत्त सुभेदार कारवान कुत्री पाळतात. लांब तोंडाची, सडपातळ, वाऱ्याशी शर्यत लावणारी ही शिकारी जात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी तिला आश्रय दिला, म्हणून कर्नाटकात ती ‘मुधोळ’. 2005 साली टपाल खात्याने तिचे तिकीटही काढले.

मी सवयीने किंमत विचारली. सुभेदार म्हणाले, “आधी आई बघा. खाण तशी माती.” मादी बाजल्याखालून उठून आली, मुलीचा हात हुंगला आणि पुन्हा जाऊन बसली. अंगावर तुकतुकी, डोळ्यांत भीती नाही. भिंतीवर नोंदणीचा कागद टांगलेला. मग त्यांनी वही उघडली. मादीची तपासणी, तिचे चार महिन्यांचे दूध, अंडी, मटण; पिलांची जंतांची औषधे, लशी; आणि एका ओळीत ‘दोन पिले गेली’. बेरीज करून, राहिलेल्या चार पिलांत भागून त्यांनी आकडा सांगितला पंधरा हजार. माझी घासाघीस घशातच राहिली.

मी पैसे काढले, तर ते म्हणाले, “थांबा, सर. आता मी विचारतो.” अंगण किती? पावसात कोरडी जागा आहे का? दिवसभर घरी कोण? ताई दोन वर्षांनी शिकायला बाहेरगावी गेल्या तर? शेवटी म्हणाले, “हे धावणारं जनावर आहे. रोज एक तास त्याच्याबरोबर कोण चालणार? सहा महिने आधी तुम्ही चालून दाखवा, मग या.” त्यांनी पिलूही दिले नाही आणि आगाऊ रक्कमही घेतली नाही.

परतताना मला राग आला होता. घाट उतरेपर्यंत तो निवळला. विकण्यासाठी बसलेला माणूस ‘नाही’ म्हणतो, तेव्हाच त्याच्या मालाची खरी किंमत कळते. ‘खाण तशी माती’ ही म्हण आपण आईला दोष देण्यासाठी वापरतो. खाणीची निगा ठेवायची कोणी, हा प्रश्न तिच्यात दडलेला आहे, हे त्या दिवशी उमगले.

पुढच्या वेताच्या यादीत आमचे नाव आहे. तोवर कन्यका रोज पहाटे साडेपाचला उठवते आणि भाट्याच्या वाळूवर तासभर चालवते. कुत्रा अजून यायचा आहे; तूर्त साखळीच्या टोकाला मीच आहे.